महापुराचे इंजिन आणि तेलाचा पंप

सांगलीवाडीच्या बाजूला, नदीपासून थोड्या उंचावर असलेल्या आमच्या मंडळाच्या शेडमध्ये बोटीच्या मागे लावायचे ४० अश्वशक्तीचे एक जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन लाकडी घोडीवर उभे आहे. वर्षातले अकरा महिने ते ताडपत्रीखाली असते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचे कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की मुले ताडपत्री ओढून काढतात आणि पुढचे आठ-दहा दिवस त्या इंजिनाला उसंत मिळत नाही. परवा शेजारच्या गावातील एका मंडळाचा कार्यकर्ता ते पाहायला आला होता. त्यांनीही असेच एक वापरलेले इंजिन घेतले आहे. आमच्या इंजिनावर जिथे तेलाचा पंप असायला हवा तिथे ॲल्युमिनियमची चकती बसवलेली पाहून तो म्हणाला, “सर, पंपवालं मशीन असून तुम्ही पंपच काढला व्हय? आम्ही तर पंप हाय म्हणून चार पैसे जास्त मोजले.”

मी तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत तीस वर्षे शिकवले असल्यामुळे थोडक्यात उत्तर देण्याची सवय मला नाही. त्या दिवशी तो घाईत होता. म्हणून त्याला जे पूर्ण सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

चार-स्ट्रोक इंजिनात तेल खाली साठलेले असते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय करता येत नाही, कारण कार्बोरेटरमधून येणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, शिरते आणि तेथून वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. क्रँककेस ही त्या मिश्रणाची वाट असल्याने तेथे तेल भरून ठेवणे शक्य नसते. त्यामुळे तेलाने पेट्रोलबरोबरच आत यायचे, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर पातळ थर धरायचा आणि शेवटी जळून धुराबरोबर निघून जायचे, अशी ही व्यवस्था आहे. ते पेट्रोलमध्ये कोणी मिसळायचे, भरणाऱ्या माणसाने की इंजिनाने, एवढाच काय तो वाद. आपल्याकडच्या वाचकांना हे दोन्ही प्रकार रस्त्यावर पाहून ठाऊक आहेत. जुनी चेतक, राजदूत, येझदी आणि लुना यांच्या टाकीत पेट्रोलबरोबर मापाने टू-टी ऑइल घालावे लागे, तर आरएक्स १०० आणि कायनेटिक होंडा यांना तेलाची वेगळी टाकी असे आणि आतला पंप गरजेनुसार तेल सोडत असे. यामाहाने हा पंप ‘ऑटोल्यूब’ या नावाने १९६४ मध्ये आपल्या मोटारसायकलींवर आणला. आउटबोर्ड इंजिनांवर तो सर्रास दिसू लागण्यास मात्र पुढची वीस वर्षे जावी लागली.

त्याआधी पाण्यावरच्या सगळ्याच टू-स्ट्रोक इंजिनांना मिक्स पेट्रोल लागे. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही इंजिने बनवणारी अमेरिकेतील ओएमसी ही कंपनी जुन्या इंजिनांसाठी २४:१ हे प्रमाण सांगत असे, म्हणजे लिटरमागे सुमारे ४२ मिली तेल. १९६४ पासून तिने बहुतेक इंजिनांसाठी ५०:१ चे प्रमाण आणले, म्हणजे लिटरला २० मिली. १९८० च्या दशकात १००:१ पर्यंत उतरण्याचाही प्रयत्न झाला, पण लिटरला १० मिली तेलावर इंजिने टिकवण्याचा हा हिशेब फार काळ चालला नाही आणि पुन्हा ५०:१ वर यावे लागले. याच दशकात, १९८४ मध्ये, ओएमसीने ‘व्हीआरओ’ नावाचा पंप बाजारात आणला. इंजिन संथ चालत असताना सुमारे १५०:१ आणि पूर्ण वेगात ५०:१ असे बदलते प्रमाण तो राखत असे. यामाहा आणि मर्क्युरी यांनीही त्याच सुमारास आपापल्या पद्धती आणल्या. धूर कमी, तेल कमी, पेट्रोल भरताना मापाचा मग शोधायला नको: ग्राहकाला हे आवडले नसते तरच नवल.

या पंपांच्या जाती दोन आहेत आणि वापरलेले इंजिन घेताना आपल्या इंजिनावर कोणती आहे हे पाहणे आवश्यक आहे. एका जातीचा पंप क्रँकशाफ्टवरील गिअरने फिरतो आणि थ्रॉटलला जोडलेल्या दांडीने त्याचे तेल कमी-जास्त होते. तेल कोठे सोडायचे हे कंपनीगणिक बदलते. कोणी ते कार्बोरेटरच्या आधी पेट्रोलच्या नळीत सोडतो, तर कोणी कार्बोरेटरच्या पुढे, प्रत्येक सिलिंडरच्या वाटेवर. दुसऱ्या जातीत, म्हणजे व्हीआरओसारख्या पंपात, गिअर नसतो. क्रँककेसमधील दाबाच्या ठोक्यांवर एकच पंप पेट्रोल आणि तेल दोन्ही ओढतो. ही रचना हुशारीची आहे यात शंका नाही, पण तिच्यात एक पडदा निकामी झाला तर पेट्रोल आणि तेल या दोन्ही गोष्टी एकदम संशयात येतात, आणि म्हणूनच अनेक मालकांनी हा पंप काढून त्याजागी साधा पेट्रोल पंप बसवला आणि मिक्स पेट्रोल वापरण्यास सुरुवात केली. गिअरच्या पंपात वेगळी गोम आहे. काही इंजिनांत हा गिअर प्लॅस्टिकचा असतो आणि वय झाले की त्याचे दाते झिजतात. गिअरचे दाते गेले तरी इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही. ते पूर्वीसारखेच चालते, उलट धूर कमी झाल्याने अधिक स्वच्छ चालल्यासारखे वाटते, आणि कोरड्या, म्हणजे तेल नसलेल्या, पेट्रोलवर पूर्ण वेगात काही मिनिटांतच पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

आमच्या इंजिनाची गोष्ट येथून सुरू होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा आमच्या भागात बोटी कमी पडल्या, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आधी मंडळाने वर्गणी काढून कोकणपट्टीवरून हे वापरलेले इंजिन आणले. विकणाऱ्याने पंप उत्तम असल्याचे शपथेवर सांगितले होते. अशा शपथांवर माझा विश्वास नसल्यामुळे मी मुलांना दोन गोष्टी करायला लावल्या. पेट्रोलच्या टाकीत पंपावर विसंबून न राहता ५०:१ चे मिक्स भरले, म्हणजे पंप बंद असला तरी इंजिन वाचावे. आणि तेलाच्या टाकीतील पातळीवर बाहेरून चिकटपट्टीची रेघ मारली. मग घाटापासून वर-खाली फेऱ्या मारून दहा लिटर पेट्रोल संपवले. वेग कमी-अधिक झालेला धरला तरी एवढ्या पेट्रोलमागे सव्वाशे ते दीडशे मिली तेल उतरायला हवे होते. रेघेखाली तेल जेमतेम नखभर उतरले होते.

पंप उघडल्यावर तो चांगला असल्याचे दिसले. दोष होता तो तेलाच्या पारदर्शक नळीत. ती उन्हाने आणि वयाने काचेसारखी कडक झाली होती, जोडाजवळ तिला केसाएवढी चीर पडली होती आणि तेथून हवा ओढली जात होती. तेलाचा पंप हवेवर काम करत नाही, नळीतील हवा काढल्याशिवाय तो तेल पुढे ढकलत नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे तेलाचा इशारा देणाऱ्या बझरची तार कोणीतरी व्यवस्थित कापून तिचे टोक चिकटपट्टीत गुंडाळले होते. बझर वाजू लागला तेव्हा कारण शोधण्याऐवजी आधीच्या मालकाने बझरचेच तोंड बंद केले असावे. बझर शाबूत असला तरी त्याच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात असे मी सांगेन. अनेक इंजिनांत तो टाकीतील तरंग्याला जोडलेला असतो. टाकीत तेल संपत आले आहे एवढेच तो सांगतो, पण टाकी भरलेली असून तेल पुढे जात नसेल तर तो गप्प राहतो.

आम्ही नळ्या बदलल्या, हवा काढली, तार जोडली, आणि दुसऱ्या फेरीत तेल हिशेबाने उतरले. सगळे खूश झाले. इंजिन ताडपत्रीखाली गेले, आणि दहा महिन्यांनी, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच रेघ मारून पाहिली तेव्हा एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतील तेल जागचे हललेही नव्हते. तेथे तेल उलटे फिरू नये म्हणून बसवलेली बारीक झडप आत घट्ट झालेल्या तेलाने चिकटली होती. ती साफ करून मी पंप पुन्हा चालू करू शकलो असतो, पण त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. हा पंप रोज पाण्यात उतरणाऱ्या इंजिनासाठी आहे, जिथे एकच माणूस रोज त्याकडे पाहतो, तेलाची पातळी उतरते की नाही हे ज्याच्या नजरेत बसलेले असते. आमचे इंजिन वर्षभर झोपते, जागे होते ते थेट महापुरात, आणि ते चालवणारे हात दर दोन तासांनी बदलतात. अशा इंजिनाची सुरक्षितता एका चिकटू शकणाऱ्या झडपेवर सोपवणे मला पटेना. मिक्स पेट्रोलवर इंजिन चालते आहे याचाच अर्थ तेल आत जाते आहे.

पंप काढणे म्हणजे नळी उपटून फेकणे असे कोणी समजू नये. पंप तसाच फिरत ठेवून त्याचे तेल तोडले तर तो कोरडा फिरून स्वतःला खातो, आणि त्याचे तुकडे क्रँककेसमध्ये जाऊ शकतात. म्हणून पंपाबरोबर त्याचा गिअरही काढावा लागतो आणि मागे राहिलेले भोक चकती व गॅस्केट लावून बंद करावे लागते. तेल जिथे आत सोडले जात होते तेथील नळीची तोंडेही बंद करावी लागतात, अन्यथा तेथून जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे बारीक छिद्र, बदलण्याची गरज मला पडली नाही, दोन टक्के तेलाने तेवढा फरक पडत नाही. बझरमध्ये इंजिन तापल्याचा इशारा आणि तेलाचा इशारा एकत्र असेल तर फक्त तेलाची तार वेगळी करावी, तापण्याचा इशारा जिवंत ठेवावा, कारण पुराच्या पाण्यात जलपर्णी आणि उसाचा पाला पाण्याच्या जाळीवर बसतो आणि थंड करणारी पाण्याची धार पाहता पाहता बंद होते. हेही सांगून ठेवतो की माझे हे म्हणणे जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनांपुरते आहे. नंतरच्या ऑप्टिमॅक्स किंवा ई-टेकसारख्या थेट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल क्रँककेसमधून जातच नाही, तेथे तेलाचा पंप हाच एकमेव मार्ग असतो आणि मिक्स पेट्रोलचा काही उपयोग होत नाही.

येथे एक गोष्ट पंपाच्या बाजूने सांगितली जाते, तिचा निकाल लावतो. आमच्या पिढीने चेतकवरून पसरणी घाट उतरताना शिकलेला धडा असा, की उतारावर ॲक्सिलेटर बंद करून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखू नये. ॲक्सिलेटर बंद म्हणजे मिक्स पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि चाके मात्र इंजिनाला जोरात फिरवत असतात. वाईच्या बाजूला घाटाच्या पायथ्याशी पिस्टन धरलेली स्कूटर ढकलत नेणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. गिअरवरच्या पंपाच्या गाडीत हा धोका कमी, कारण इंजिन फिरते तोपर्यंत पंप थोडे तरी तेल देतो. हा मुद्दा रस्त्यावर शंभर टक्के खरा आहे. पाण्यावर मात्र घाट नसतो. थ्रॉटल सोडताच पाणी पंख्याला आणि होडीला धरते आणि इंजिनाचे फेरे लगेच पडतात. त्यामुळे पंपाचा हा मोठा गुण नदीत वाया जातो.

तेलाच्या बचतीचेही तसेच. ४० अश्वशक्तीचे असे इंजिन पूर्ण वेगात तासाला सुमारे १५ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे ५०:१ ने ३०० मिली तेल. पूर्ण वेगात पंपही तेवढेच देतो. बचत होते ती संथ वेगात, आणि हे मान्य केले पाहिजे की पुरातले आमचे बहुतेक काम संथच असते. गल्लीतून, विजेच्या तारांखालून, पाण्यात बुडालेल्या दुचाक्या चुकवत जाताना मिक्स पेट्रोलचे इंजिन भरपूर धूर करते आणि प्लग तेलकट होऊन एक सिलिंडर मधूनच बंद पडतो. धुरामुळे बोटीतील म्हातारी माणसे खोकतात, हे पाहून मला वाईट वाटते. त्यावर आमच्याकडे दोनच इलाज आहेत: बोटीत प्लगचा जोड आणि पाना ठेवणे, आणि गल्लीबाहेर मोकळ्या पात्रात आल्यावर मिनिटभर इंजिनाला जोर देऊन ते साफ करणे.

मिक्सचा खरा धोका मला जुलै २०२१ मध्ये दिसला. पुरात पेट्रोल आणणारा एक, टाकीत भरणारा दुसरा, चालवणारा तिसरा. संध्याकाळी बोट काठाला आली तेव्हा इंजिनातून धूरच येत नव्हता. कोणी म्हणाले, आज इंजिन फार छान चालले आहे. माझ्या पोटात गोळा आला. टाकीचे झाकण उघडून वास घेतला तर कोरड्या पेट्रोलचा वास, तेलाचा निळसर रंग नाही. कॅन भरून आणणाऱ्याला वाटले होते की तेल टाकीत घालतात, टाकीत ओतणाऱ्याला वाटले होते की ते कॅनमध्येच घातलेले आहे. पाव तास संथ चाललेल्या इंजिनाला आत राहिलेल्या जुन्या तेलाने वाचवले. नंतर हेड उघडल्यावर एका पिस्टनच्या बाजूला चार बारीक ओरखडे दिसले, ते आजही आहेत. पंप असता तर हे झाले नसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे की २० लिटरचा कॅन रिकामा होऊन परत आला की त्यात त्याच क्षणी ४०० मिली तेल ओतायचे आणि मुठीला तांबडी चिंधी बांधायची. चिंधी नसलेला कॅन पेट्रोल पंपावर न्यायचाच नाही. तेल आधी आणि पेट्रोल नंतर असल्यामुळे पेट्रोल जोरात पडते तसे ते आपोआप चांगले मिसळते, हा वरचा फायदा. अंदाजाने जास्त तेल ओतणाऱ्यांनाही आवर घालावा लागला. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षा ही समजूत चुकीची आहे, कारण जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल वाढले की पेट्रोल तेवढे घटते, हवेच्या मानाने मिश्रण पातळ होते आणि शिवाय काजळी साचते ती वेगळीच.

तेल कोणते, याबद्दल मी आग्रही आहे. आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू ३ या दर्जाचे तेल वापरावे, स्कूटरचे टू-टी ऑइल वापरू नये. हवेने थंड होणारे स्कूटरचे इंजिन जास्त तापते म्हणून त्याच्या तेलात राख सोडणारे घटक थोडे असतात. नदीच्या गार पाण्याने थंड होणाऱ्या आणि तासन्तास एकाच भाराखाली चालणाऱ्या इंजिनात तीच राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर बसते. टीसी-डब्ल्यू ३ तेल राखविरहित असते. सांगलीत ते प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्यामुळे आम्ही ते उन्हाळ्यातच मागवून ठेवतो.

आता इथेनॉलबद्दल. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि ते कृष्णाकाठच्या उसापासूनही तयार होते. आमच्याच शिवारातला ऊस कारखान्यातून फिरून आमच्याच इंजिनात येतो, याची मला गंमत वाटते. इंजिनाला मात्र त्यात गंमत नाही. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. अर्धी भरलेली टाकी पावसाळी हवेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली आणि पाणी पुरेसे जमले, तर इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर होतो. मिक्स पेट्रोलमधील तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि टाकीची नळी ओढते ती तळातून. म्हणजे इंजिनाला मिळते ते तेल नसलेले पाणीदार इथेनॉल. म्हणून आम्ही उरलेले मिक्स साठवत नाही. पूर ओसरल्यावर गाळ काढण्याचे काम संपले की मुलांना नदीत दोन फेऱ्या मारून टाकी रिकामी करायला सांगतो, शेवटी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो, आणि प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडून दोरी दोनदा ओढतो. जुन्या रबरी नळ्या आणि हाताने दाबायचा फुगा यांनाही इथेनॉल फार मानवत नाही. ते दर दोन वर्षांनी बदलावेत, असे माझे मत आहे.

बामणोलीला माझा एक जुना विद्यार्थी आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तो हंगामात रोज स्वतःची बोट चालवतो आणि त्याचे इंजिनही जुने, पंपाचे आहे. मी पंप काढला हे कळल्यावर त्यानेही काढायचे ठरवले होते. मी त्याला थांबवले. तो रोज सकाळी तेलाच्या टाकीवरची रेघ पाहतो, नळ्या त्याने स्वतः बदलल्या आहेत, इंजिनाला त्याच्याशिवाय कोणी हात लावत नाही, आणि वासोट्याला जाणाऱ्या ट्रेकरांना धूर सहन करावा लागत नाही. त्याच्याकडे पंपच योग्य आहे. आमच्या इंजिनाचा पंप, गिअर, चारही नळ्या आणि बझरची तार मी तेल लावलेल्या कापडात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे आणि डब्यावर इंजिनाचा क्रमांक लिहिला आहे. त्याचा पंप कधी गेला, तर तो डबा बामणोलीला पाठवायचा.